नाकाचं हाड बसवल्यानंतरही रुग्ण नाराज का राहतो

नाकाचं हाड मोडलं की घरचे दोन गोष्टी विचारतात: हाड बसेल ना, आणि नाक आधीसारखं दिसेल ना? श्वास दोन्ही नाकपुड्यांतून नीट चालेल का, हे सुरुवातीला सहसा कुणी विचारत नाही. तो प्रश्न तीन-चार महिन्यांनी येतो, रात्री तोंड उघडं टाकून झोपावं लागायला लागलं की. तोपर्यंत हाड पक्कं झालेलं असतं आणि मग सगळा राग 'ऑपरेशन नीट केलं नाही' या एका वाक्यावर येऊन थांबतो. खरं तर नाराजीची बहुतेक कारणं ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यात घडून गेलेली असतात, आणि ती टाळता येतात. म्हणून हे सविस्तर लिहितो आहोत.

चेहऱ्याच्या हाडांत सगळ्यांत जास्त वेळा मोडतं ते नाकाचंच हाड. सोलापूर आणि आसपासच्या तालुक्यांत त्याची कारणं ठरलेली आहेत: हेल्मेट हँडलला अडकवून चालवलेली दुचाकी, कबड्डीत बसलेलं कोपर, टेनिस बॉलच्या जागी लेदर बॉल, दावणीच्या जनावराने मान झटकणं, पायऱ्यांवरून तोंडावर पडलेलं पोर, आणि मारामारी. मागावर काम करणाऱ्यांना आडवा धागा नेणारा धोटा उडून लागण्याची भीतीही असते. धोट्याचं टोक अणकुचीदार असतं आणि मार एका जागी बसतो. त्यामुळे बाहेरून जखम छोटी दिसली तरी आतलं हाड चेचलेलं असू शकतं. असा मार लागला तर नाकाआधी डोळा तपासून घ्या.

पहिल्या तासाभरातलं थोडक्यात. रुग्णाला बसवा आणि डोकं पुढे झुकवा, मागे टाकू नका. नाकाचा मऊ भाग चिमटीत धरून सलग दहा ते पंधरा मिनिटं दाबा, मध्येमध्ये सोडून बघू नका. तोंडात आलेलं रक्त थुंकायला सांगा, गिळलं तर उलटी होते. बर्फ कापडात गुंडाळून गालांवर आणि नाकाच्या मुळाशी दहा-पंधरा मिनिटं ठेवा. नाक शिंकरू द्यायचं नाही. बाईच्या नाकात चमकी असेल तर सूज चढायच्या आत काढून ठेवा, नंतर ती निघत नाही. दुखण्यावर पॅरासिटामॉल पुरतं. अ‍ॅस्पिरिन स्वतःच्या मनाने घेऊ नका, रक्त थांबत नाही. हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ते डॉक्टरांना सांगा, स्वतः बंद करू नका. आणि गावातल्या हाड बसवणाऱ्या माणसाकडून नाक चोळून, दाबून घेऊ नका. मोडलेल्या तुकड्यांना आणखी आत ढकलण्यापलीकडे त्यातून काही होत नाही.

रक्त थांबत नसेल, एकाचे दोन दिसत असतील, गाल बधिर झाला असेल, दात एकमेकांवर नीट बसत नसतील, शुद्ध हरपली असेल, उलट्या होत असतील किंवा पुढे वाकल्यावर नाकातून पाण्यासारखं पातळ, खारट काही ठिबकत असेल, तर हे नुसतं नाकाचं प्रकरण नाही. ठिबकणारं पाणी मेंदूभोवतीचं असू शकतं. तिथे सीटी स्कॅन लागतो आणि त्याच दिवशी लागतो.

आता वेळेचं गणित, कारण नाराजीचं पहिलं कारण हेच आहे. मार लागल्यावर पहिल्या तीन-चार तासांत, सूज चढायच्या आधी रुग्ण पोचला तर हाड लगेच बसवता येतं. सूज चढल्यावर हाड नेमकं कुठे सरकलंय ते बोटाला कळत नाही. मग ती उतरेपर्यंत थांबायचं. मोठ्या माणसात साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान बसवतात. मुलांचं हाड लवकर धरतं, म्हणून त्यांच्यात तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या आत. दोन आठवडे उलटून गेले की तुकडे चिकटतात आणि नुसतं उचलून ते हलत नाहीत.

डॉक्टर म्हणतात, 'सूज उतरल्यावर या.' रुग्णाला त्याचा अर्थ कळतो, 'जमेल तेव्हा या.' घरात लग्न असतं, गड्ड्याची यात्रा असते, मालक पाळी बुडवू देत नाही, करमाळ्याहून किंवा सांगोल्याहून पुन्हा येणं म्हणजे एक दिवसाची मजुरी जाते. सूज उतरली, दुखायचं थांबलं, तर आता कशाला जायचं, असंही वाटतं. म्हणून केसपेपरवर तारीख लिहून घ्या, वारासकट. रविवारी लागलं असेल तर शुक्रवारी तपासायला जायचं आणि त्याच्या पुढच्या बुधवारच्या आत हाड बसलेलं हवं. एवढी एक ओळ लिहिलेली असली तरी बरेच हाल वाचतात.

दुसरं कारण पडद्याचं, आणि आमच्या मते सगळ्यांत मोठं. बाहेरून चाचपल्यावर लागतं ते नाकाचं हाड फक्त वरच्या साधारण एक तृतीयांश भागात असतं. बाकी नाक कूर्चेवर, म्हणजे मऊ, लवचिक हाडावर उभं आहे. दोन नाकपुड्यांच्या मधला पडदा हा त्या सगळ्याचा आधार. मार लागल्यावर हाडाबरोबर हा पडदाही अनेकदा मोडतो किंवा आपल्या खाचेतून सरकतो. वरचं हाड कितीही सुबक बसवलं आणि खालचा पडदा वाकडाच राहिला, तर काही आठवड्यांत नाक पुन्हा त्याच बाजूला ओढलं जातं. रुग्ण म्हणतो, 'प्लास्टर काढलं तेव्हा सरळ होतं, आता परत वाकडं झालं.' तो खोटं बोलत नसतो. बंद पद्धतीने, म्हणजे चीर न देता, हाड बसवल्यानंतर काही ना काही वाकडेपण उरण्याचं प्रमाण वैद्यकीय लेखांत 14 ते 50 टक्के असं दिलेलं आढळतं. हा आकडा एवढा रुंद असण्यामागे पडदा आधी नीट तपासला गेला की नाही, हे एक मोठं कारण आहे.

पडद्याचा आणखी एक धोका याहून तातडीचा आहे. कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. तिच्यावरच्या पातळ अस्तरातून तिला पोषण मिळतं. मार लागून अस्तर आणि कूर्चा यांच्या मध्ये रक्त साठलं की ते पोषण तुटतं. दोन-तीन दिवसांत कूर्चा मरायला लागते, त्यात पू झाला तर आणखी लवकर, आणि मग नाक मधोमध खोगिरासारखं खचतं. हे साठलेलं रक्त ओळखणं अवघड नाही, पण त्यासाठी नाकाच्या आत बघावं लागतं. टॉर्चच्या उजेडात पडद्यावर लालसर-निळसर फुगवटा दिसतो, कधी एका बाजूला, बऱ्याचदा दोन्ही बाजूंना. कापूस लावलेल्या काडीने हलकेच दाबलं तर तो मऊ, लिबलिबीत लागतो. नाक मोकळं करणारे थेंब टाकूनही तो आकसत नाही. नुसती सूज असती तर आकसली असती. उपाय एकच: त्याच दिवशी चीर देऊन रक्त काढायचं, पुन्हा साठू नये म्हणून दोन्ही बाजूंनी पट्टी भरायची किंवा पडद्यातून आरपार विरघळणारे टाके घालायचे, आणि अँटिबायोटिक द्यायचं.

हे रक्त पहिल्या तपासणीनंतरही साठू शकतं. म्हणून पहिल्या दिवशी 'आत काही नाही' असं सांगितलं असलं तरी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुन्हा आतून तपासून घ्यायचं. दोन्ही नाकपुड्या गच्च बंद होत चालल्या, ठणका वाढला, ताप आला तर तेवढीही वाट बघायची नाही. लहान मुलांत तर हाड न मोडता, साध्या पडण्यानेही असं होतं. सोलापूरपर्यंत येणं जमत नसेल तर पंढरपूर, बार्शी, अकलूज, जिथे कान-नाक-घशाचे डॉक्टर जवळ असतील तिथे दाखवा. ही तपासणी दोन मिनिटांची आहे.

तिसरं कारण अपेक्षेचं. बंद पद्धतीने हाड बसवण्याचा हेतू नाक अपघाताआधी जिथे होतं तिथे आणणं, एवढाच असतो. आधीपासून असलेला उंचवटा, लहानपणी पडून आलेला बाक, रुंद टोक यांतलं काहीही त्याने जात नाही. अडचण अशी की प्लास्टर निघाल्यावर माणूस आपलं नाक आयुष्यात पहिल्यांदा एवढं निरखून बघतो आणि जुना बाक त्याला नवा वाटतो. यावर साधा उपाय म्हणजे जुने फोटो. तपासणीला जाताना अपघाताआधीचे समोरून काढलेले एक-दोन आणि बाजूने काढलेला एक असे फोटो घेऊन जा. आधार कार्डावरचा फोटो चालत नाही. लग्नातले, सहलीतले शोधा. डॉक्टरांनाही नाक नेमकं कुठे न्यायचंय ते कळतं.

सेल्फी मात्र या कामाची नाही. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गणिताने दाखवलं होतं की 12 इंचांवरून काढलेल्या फोटोत नाकाची रुंदी 5 फुटांवरून काढलेल्या फोटोपेक्षा जवळपास 30 टक्क्यांनी जास्त दिसते. प्लास्टर काढलेल्या दिवशी सेल्फी काढून 'नाक फुगलंय' म्हणून घाबरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. तुलना करायची तर दुसऱ्या कुणाला पाच फुटांवर उभं करा, मोबाईल नाकाच्या उंचीला धरा, खिडकीचा उजेड समोरून येऊ द्या, आणि समोरून, दोन्ही बाजूंनी, खालून असे फोटो काढा. दर वेळी तीच जागा, तेच अंतर.

प्रत्यक्ष हाड बसवण्याचं काम दहा-पंधरा मिनिटांचं असतं, पण त्यातलं काय कशासाठी हे माहीत असलेला रुग्ण घाबरत नाही. जागा बधिर करून करायचं असेल तर आधी 4 टक्के लिग्नोकेन आणि नाक आकसवणारं औषध यांत भिजवलेल्या कापसाच्या पट्ट्या आत दहा-पंधरा मिनिटं ठेवतात, मग बाहेरून नाकाच्या मुळाशी आणि डोळ्याखालच्या नसेपाशी 2 टक्के लिग्नोकेनचं इंजेक्शन देतात. इंजेक्शन टोचताना दुखतं, डोळ्यांत पाणी येतं. पुढे दुखणं कमी, दाब जास्त जाणवतो. हाड उचलायचं चपटं हत्यार आत घालण्याआधी नाकाच्या बाहेरून धरून मोजतात: नाकपुडीच्या कडेपासून डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याच्या रेषेपर्यंतचं अंतर बघायचं, त्याहून सुमारे एक सेंटीमीटर कमी लांबीवर हत्यारावर अंगठा ठेवायचा आणि तेवढंच आत जाऊ द्यायचं. त्याच्या वर मेंदूच्या तळाचं पातळ हाड आहे, म्हणून ही काळजी. मग खचलेली बाजू आतून वर आणि बाहेर उचलायची, दुसऱ्या हाताच्या बोटांनी बाहेरून आकार द्यायचा. तुकडा एकमेकांत अडकला असेल तर वॉल्शमचा चिमटा लागतो. त्याचं एक पातं आत, दुसरं बाहेर, आणि बाहेरच्या पात्यावर रबरी नळी चढवतात म्हणजे कातडी चेंगरत नाही. पडद्यासाठी अ‍ॅशचा चिमटा वेगळा असतो. हाड जागेवर बसताना कट्ट असा आवाज होतो. तो रुग्णालाही ऐकू येतो, त्याची कल्पना आधी दिलेली असावी.

पूर्ण भूल द्यायची की जागा बधिर करायची, यावर अभ्यासांचे निष्कर्ष एकमुखी नाहीत. मुलं, खूप घाबरलेले रुग्ण आणि पडदाही बसवायचा असेल असे रुग्ण यांना पूर्ण भूल द्यावी असं आमचं मत आहे. अर्धवट बधिर झालेल्या रुग्णाने डोकं मागे खेचलं की डॉक्टरांचा हातही आखडतो आणि हाड पुरतं उचललं जात नाही. एका बाजूचं, ताजं, थोडं खचलेलं हाड असेल तर पूर्ण भुलीची गरज सहसा पडत नाही.

आत पट्टी भरली असेल तर ती 24 ते 48 तासांत काढतात. तेवढा वेळ तोंडाने श्वास घ्यावा लागतो, घसा कोरडा पडतो, डोकं जड होतं. समाधान विचारल्यावर लोक सगळ्यांत जास्त तक्रार या दोन दिवसांची करतात. बाहेरचं प्लास्टर सात ते दहा दिवस राहतं. सोलापूरच्या एप्रिल-मेच्या उन्हात घामाने चिकटपट्टी सुटते. प्लास्टर सैल हललं तर घरी नवी पट्टी ओढून बसवू नका, तिरकी ओढली तर हाडही तिरकं बसेल. जाऊन बदलून घ्या. या दिवसांत दुपारी बाहेर पडणं टाळा, अंघोळ मानेखालून करा, आणि दोन उशा घेऊन झोपा.

कोरड्या हवेने नाकात खपल्या धरतात, मग माणूस बोट घालतो आणि रक्त येतं. त्यासाठी अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ घालून ते थेंब दिवसातून चार-पाच वेळा सोडा. पाणी साठवून वापरणाऱ्या आपल्या गावात उकळण्याची पायरी गाळायची नाही, आणि द्रावण रोज नवं करायचं. दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवून शिंका. चष्मा चार आठवडे तरी नाकाच्या हाडावर टेकू देऊ नका. मधल्या दांडीला पट्टी लावून तो कपाळाला चिकटवता येतो. तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद. कबड्डी, कुस्ती सहा आठवड्यांनंतर. दाबाची नथ हाडावर बसत नाही, पण सूज आणि दुखरेपण पूर्ण जाईपर्यंत तीही नको. तोंडभर हेल्मेट घालता-काढताना आतला गादीचा भाग नाकावर घासतो, तेव्हा दोन्ही बाजूंनी ताणून, सरळ वरून काढायचं. महिनाभर मागे बसून जाता आलं तर उत्तम.

एक्स-रेबद्दल जरा थांबून सांगायला हवं, कारण बरा झालेला माणूस यातून पुन्हा आजारी होतो. हाड बसवायचं की नाही हे ठरतं ते नाक बघून, चाचपून आणि आत तपासून. एक्स-रेत हाडांचे नैसर्गिक सांधे आणि नसांच्या खाचाही भेगेसारख्या दिसतात, आणि कूर्चा तर दिसतच नाही. शिवाय नाकाची हाडं बऱ्याचदा तंतुमय जोडाने जुळतात, म्हणून भेगेची रेघ एक्स-रेत वर्षानुवर्षं राहू शकते. सहा महिन्यांनी दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेत 'फ्रॅक्चर' असा शेरा आला म्हणून उपचार फसला असं होत नाही. नाक सरळ आहे आणि श्वास मोकळा आहे, तर ती रेघ सोडून द्या.

मारामारी किंवा अपघाताच्या प्रकरणात मात्र एक्स-रे आणि एमएलसीची, म्हणजे पोलीस प्रकरण म्हणून रुग्णालयात होणारी, नोंद लागते. हाड मोडणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 116 प्रमाणे गंभीर दुखापतीत मोडतं. जुन्या दंड संहितेत हेच कलम 320 होतं. सोलापूरचं आपलं सिव्हिल, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, इथे ही नोंद होते आणि कान-नाक-घसा विभागही तिथेच आहे. कागदांच्या धावपळीत उपचाराचे दहा दिवस निघून जातात, असं होऊ देऊ नका. दोन्ही कामं एकाच वेळी चालू शकतात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत तुमचा उपचार बसतो का, ते दाखल होण्याआधीच तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, विचारून घ्या.

समाधान कधी आणि कसं विचारायचं, हा डॉक्टरांइतकाच रुग्णाचाही प्रश्न आहे. प्लास्टर काढलेल्या दिवशीचं उत्तर कामाचं नाही. डोळ्यांखालचं काळंनिळं दोन आठवड्यांत जातं, पण बारीक सूज उतरून नाकाचा खरा आकार दिसायला तीनेक महिने लागतात. वासही काही आठवडे मंद असू शकतो. सहा आठवडे, तीन महिने आणि सहा महिने अशा तीन वेळा बघावं. दिसणं आणि श्वास वेगवेगळे मोजावेत, कारण एक चांगलं असून दुसरं वाईट असू शकतं.

श्वासासाठी 'नोज' नावाची पाच प्रश्नांची फूटपट्टी 2004 पासून वापरात आहे. गेल्या महिन्यात नाक चोंदल्यासारखं वाटणं, नाक बंद होणं, नाकाने श्वास घ्यायला त्रास होणं, झोपेला त्रास होणं, आणि जिना चढताना किंवा कष्टाचं काम करताना नाकातून हवा न पुरणं, या प्रत्येकाला 0 ते 4 गुण द्यायचे. 0 म्हणजे त्रास नाही, 4 म्हणजे खूप जास्त. बेरजेला 5 ने गुणायचं. समजा गुण 2, 2, 3, 1, 2 आले. बेरीज 10, गुणाकार 50. 25 पर्यंत सौम्य, 30 ते 50 मध्यम, 55 ते 75 तीव्र, त्यापुढे अतितीव्र. 'थोडं बंद वाटतं हो' यापेक्षा हा आकडा डॉक्टरांना जास्त सांगतो, आणि तीन महिन्यांनी तो उतरला की चढला हेही कळतं. दिसण्यासाठी फोटो शेजारी ठेवून घरच्या एकाला आणि बाहेरच्या एकाला विचारा. रुग्ण आणि डॉक्टर यांचं मत इथे बऱ्याचदा जुळत नाही. डॉक्टरांना थोडा बाक दिसत असतो आणि रुग्ण खूश असतो. अशा वेळी त्याला पुन्हा ऑपरेशन सुचवण्याचं कारण नाही.

सहा महिन्यांनंतरही आकडा 30 च्या वर असेल किंवा नाक स्पष्ट वाकडं असेल, तर पडदा आणि हाड दोन्ही एकत्र दुरुस्त करण्याचं ऑपरेशन करता येतं. त्यात चिकटलेलं हाड मोजून कापून पुन्हा बसवतात, पूर्ण भूल लागते, दोन-तीन तास जातात, आणि शेवटचा आकार दिसायला वर्ष लागतं. सहा महिन्यांच्या आत घाई करू नये, कारण आतला व्रण अजून आकसत असतो. जाताना अपघाताआधीचे फोटो, पहिल्या उपचाराची कागदपत्रं आणि तिन्ही वेळचे गुण सोबत न्या. मुलांचं मात्र वेगळं. त्यांच्या नाकाची वाढ चालू असते, म्हणून मोठं ऑपरेशन साधारणपणे वाढ पूर्ण होईपर्यंत लांबवतात आणि तोवर वर्षातून एकदा तपासत राहतात. उपचारानंतर पहिल्या वर्षी सरळ दिसणारं नाक वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षी, वाढीच्या झपाट्यात वाकडं व्हायला लागू शकतं, म्हणून लहानपणीचा तो केसपेपर जपून ठेवावा.